तळघर कुणी बांधलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी पुण्याहून घरी आली होती. रात्री जेवणं आटोपल्यावर ती आतल्या खोलीत संगणकासमोर बसली आणि थोड्या वेळानं तिचा आवाज बाहेर येऊ लागला. “यानाचं इंजिन बंद पडलंय. थांबा, मी मंत्र टाकून बघते.” मग फासे पडल्याचा आवाज. मग, “अरे, मी एल्फ आहे! मला कमी उजेडात दिसतं!”

मला राहवलं नाही. आत जाऊन विचारलं, “बेटा, यान आहे तर मंत्र कशाला? आणि मंत्र येतात तर इंजिन कशाला?”

ती हसली. म्हणाली, “अब्बा, हा खेळच तसा आहे. स्टारफाइंडर. आधी जादूचं जग होतं, त्याचंच पुढे अंतराळातलं जग झालं.”

“मधे काय झालं?”

“ते कुणालाच आठवत नाही. मधला सगळा काळ सगळे जण विसरलेत. ज्या ग्रहावर हे सगळं घडत होतं, तो ग्रहसुद्धा नाहीसा झालाय. या विसरलेल्या काळाला खेळात ‘गॅप’ म्हणतात.”

एल्फ म्हणजे युरोपातल्या लोककथांमधला टोकदार कानांचा, दीर्घायुषी रानातला माणूस. आपल्या यक्षाचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. तो अंतराळयानात कसा पोचला, असा साधा प्रश्न घेऊन मी त्या रात्री बसलो आणि या खेळांचा पन्नास वर्षांचा इतिहास चाळता चाळता एका नावापाशी थबकलो. ते नाव माझ्या घरात फडताळावर तीस वर्षं पडून होतं. त्याच्याकडे येतोच. आधी खेळ काय आहे ते सांगतो.

रेडिओ ऐकणाऱ्याला हा खेळ समजावणं सोपं आहे. ही एक श्रुतिकाच, फक्त संहिता आधी लिहिलेली नसते. एक जण सूत्रधार. तो सांगतो, “समोर दगडी जिना आहे, खालून थंड वारा येतोय.” बाकीचे प्रत्येकी एक पात्र होऊन बसलेले. एक योद्धा, एक मांत्रिक, एक पुजारी. ते सांगतात, “मी मशाल पेटवतो, मी पुढे जातो.” जमेल की नाही याचा निकाल फासे देतात. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकते, एवढंच.

याचं पहिलं छापील रूप म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. साल १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स या गृहस्थांची विम्याच्या धंद्यातली नोकरी १९७० साली गेली होती. नंतर ते घरी बूटदुरुस्ती करून संसार चालवत आणि उरलेला वेळ छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांनी लढाया खेळण्यात घालवत. तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण अशीच लढाई खेळता खेळता आपल्या मित्रांना एका किल्ल्याच्या तळघरात घेऊन गेला होता. दोघांनी मिळून तीन पुस्तिका केल्या. डबा, दहा डॉलर किंमत, पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

या खेळानं काही संकेत रूढ केले. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी ठरलेली असते, तसे ते संकेत. जमिनीखाली मजल्यांमागून मजले असलेलं तळघर; जितकं खाली जावं तितका धोका मोठा आणि धनही मोठं. पात्रांच्या ठरलेल्या जाती. अनुभवाच्या गुणांवर चढत जाणाऱ्या पायऱ्या. माणसाखेरीज एल्फ आणि बुटके. आणि मंत्र. मांत्रिकानं सकाळी मंत्र पाठ करायचा. एकदा म्हटला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा.

ही शेवटची कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाची आहे, १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातली. गंमत अशी की त्या पुस्तकातलं जग प्राचीन काळातलं नाहीच. ते लाखो वर्षांनंतरचं आहे. सूर्य विझत आलाय, विज्ञान कधीच लयाला गेलंय आणि त्याचे उरलेसुरले तुकडे मंत्र म्हणून चालतायत. म्हणजे जादूच्या खेळातली ही जादू मुळात भविष्यकाळातून उसनी आणलेली. १९७४च्या त्या पुस्तिकांत मंगळावरचे प्राणीही आहेत, एडगर राइस बरोज यांच्या कादंबऱ्यांतले. आणि पुढच्याच वर्षी आर्नेसननं लिहिलेल्या ‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’मध्ये बेडकाच्या देवळाचा महंत चक्क दुसऱ्या जगातून आलेला निघतो, त्याचे चमत्कार म्हणजे यंत्रं. तेव्हा जादू आणि विज्ञान या दोन शेजाऱ्यांमधली भिंत पहिल्यापासूनच कच्ची होती.

पण तरीही एक अडचण होती. जादूच्या गोष्टीत दगडी जिना लागला तर कुणी विचारत नाही की हा कुणी बांधला. राक्षस कधीपासून खाली बसलाय, तो जेवतो काय, हे आजीला विचारलं तर आजी म्हणायची, झोप आता. विज्ञानकथेचा वाचक झोपत नाही. त्याला कारण लागतं. हा खेळ अंतराळात न्यायचा तर एल्फच्या जागी परग्रहवासी, तलवारीच्या जागी बंदूक, अशी अदलाबदल पुरेशी नव्हती. तळघर कुणी बांधलं आणि आता तिथं राहणाऱ्यांना ते ठाऊक का नाही, याचं उत्तर द्यावं लागणार होतं.

हे उत्तर सगळ्यात आधी आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं दिलं ते मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं. नाव मुहम्मद अब्द अल-रहमान बार्कर.

हे नाव संगणकाच्या पडद्यावर दिसलं तेव्हा मी उठून फडताळाकडे गेलो. कारण हाच माझा उर्दूचा मास्तर.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमच्या घरात बोलणं दखनी, शाळा मराठी, आणि मी लिहितो ते मराठीत. उर्दूची लिपी आजोबांना येत होती, वडिलांना जेमतेम, मला अजिबात नाही. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कागदांचा एक गठ्ठा आणि एक वही निघाली. सगळं उर्दूत. अम्मीनं ती ट्रंक कधी उघडू दिली नाही आणि कधी टाकूही दिली नाही. घरात हळूहळू अशी समजूत झाली की त्या वहीत आजोबांचे शेर असणार. मी कविता लिहायला लागल्यावर तर ती समजूत पक्की झाली. रक्तातून आलंय, असं पाहुणे म्हणायचे.

१९९५च्या आसपास पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला इंग्रजीतून उर्दू शिकवणाऱ्या एका पुस्तकाचे दोन जाड खंड मिळाले. ‘अ कोर्स इन उर्दू’. मूळ प्रकाशन १९६७चं, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचं. मुखपृष्ठावर बार्कर आणि त्यांचे तीन सहकारी. आधी बोलणं, मग सावकाश लिपी, अशी त्याची चाल. माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या, पण स्वतःच्या आजोबांचं अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला हे पुस्तक म्हणजे अल्लाची मेहेरबानी वाटली. दीड-दोन वर्षं रोज रात्री बसायचो. आणि एके दिवशी ट्रंक उघडली.

वहीत काय होतं, ते पुढे सांगतो. आधी बार्कर.

जन्म १९२९, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनचा. जन्मनाव फिलिप. १९५१च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ते भारतात आले आणि इथे असतानाच त्यांनी इस्लाम स्वीकारला. नंतर बर्कली इथे डॉक्टरेट केली ती उर्दूवर नव्हे, तर ऑरेगनमधल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेवर. क्लॅमथच्या कथा, कोश आणि व्याकरण, तीनही त्यांनी १९६३-६४मध्ये प्रसिद्ध केलं. मग मॅकगिलच्या इस्लामी अभ्यास संस्थेत अध्यापन, उर्दूचे आणि बलुचीचे अभ्यासक्रम, आणि १९७२पासून मिनेसोटा विद्यापीठ.

आणि या सगळ्याच्या खाली, लहानपणापासून, त्यांनी एक काल्पनिक ग्रह सांभाळून ठेवला होता. टेकुमेल. त्याचे देश, राजवंश, देवळं, तिथल्या त्सोल्यानी भाषेचं व्याकरण आणि लिपी, सगळं. विद्यापीठातली मुलं १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळू लागली तेव्हा बार्करांच्या लक्षात आलं, की आपल्या ग्रहावर लोकांना फिरवून आणायची ही सोय आहे. त्यांनी नियम लिहिले आणि १९७५ साली गायगॅक्स यांच्या टीएसआर कंपनीनंच ते ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावानं छापले. पंचवीस डॉलर किंमत, म्हणजे मूळ खेळाच्या अडीचपट. नियमांचा सांगाडा जुनाच: फासे, पायऱ्या, योद्धे, मांत्रिक, पुजारी. बदललं ते त्याखालचं कारण.

टेकुमेल हा हजारो वर्षांनंतरच्या माणसांनी वसवलेला ग्रह. ताऱ्यांमधून प्रवास करणाऱ्या माणसांनी तिथली हवा, पाणी, जमीन आपल्याला सोसेल अशी करून घेतली, मूळच्या रहिवाशांना राखीव पट्ट्यांत कोंडलं आणि ग्रहाचं विश्रामस्थान केलं. (क्लॅमथ लोकांची भाषा लिहून घेणाऱ्या माणसाला हे सुचायला फार लांब जावं लागलं नसेल.) मग एक दिवस काहीतरी उलथलं आणि हा ग्रह आपल्या सूर्यासकट विश्वाच्या एका वेगळ्याच कप्प्यात जाऊन पडला. रात्रीच्या आकाशातले तारे गेले. बाहेरून येणारी जहाजं बंद. ग्रहावर धातू फार थोडे, त्यामुळे यंत्रं बिघडली ती दुरुस्त होईनात. युगं लोटली. आता तिथली माणसं राजे, पुजारी आणि गुलाम यांच्या जगात राहतात, च्लेन नावाच्या जनावराचं कातडं कडक करून त्याच्या तलवारी बनवतात आणि ताऱ्यांवरून आपण आलो हे फक्त काही पंडितांना अंधुक माहीत असतं.

आता या चौकटीत जुने संकेत कसे बसतात बघा. एल्फ आणि बुटके यांच्या जागी आहेत माणसाबरोबर इतर ताऱ्यांवरून आलेल्या जमाती, माणसासारख्याच इथे अडकून पडलेल्या. जादूच्या अंगठीच्या जागी ‘डोळा’. हे पूर्वजांचं एक छोटं यंत्र, एक कळ असलेलं, आत किती दम उरलाय हे कुणाला ठाऊक नाही. आणि तळघर? टेकुमेलवर अशी रूढी आहे की ठरावीक शतकांनंतर शहर पाडायचं, भरून काढायचं आणि त्याच्यावरच नवं बांधायचं. तिला ‘दितलाना’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक शहराच्या पायाखाली त्याचीच जुनी शहरं आहेत, एकाखाली एक, आणि अगदी तळाशी ताऱ्यांवरून आलेल्यांचे बोगदे. जितकं खाली जावं तितकं धन मोठं, हा खेळातला नुसता नियम होता; बार्करांनी त्याचं पुरातत्त्व केलं. खाली जाणं म्हणजे मागे जाणं.

अजून एक युक्ती मला फार आवडते. खेळणाऱ्याला या जगाबद्दल काहीच माहीत नसतं. मग पात्राला सगळं माहीत असल्याचं सोंग कसं आणायचं? बार्करांनी पात्रांना परदेशी करून टाकलं. जकल्ला नावाच्या बंदरावर छोट्या नावेतून उतरलेले रानटी परके लोक. त्यांना परक्यांच्या वस्तीबाहेर राहायची मुभा नाही, रीतभात चुकली की शिक्षा. भाषा शिकवणाऱ्या माणसालाच हे सुचावं. त्यांच्या उर्दूच्या पुस्तकातला विद्यार्थीही असाच, परक्या गावात उतरलेला, स्टेशनाचा रस्ता विचारणारा.

त्यानंतर वर्षभरातच, १९७६ साली, जेम्स वॉर्ड या शाळामास्तरानं हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं सोडवला. वॉर्ड सांगत असत, की लेक जिनिव्हाच्या पुस्तकाच्या दुकानात ते पुस्तकं निवडत होते आणि शेजारचा दाढीवाला गृहस्थ नेमकी तीच पुस्तकं उचलत होता. तो गृहस्थ म्हणजे गायगॅक्स. त्या ओळखीतून झालेला खेळ ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’. वॉर्ड २०२४ साली वारले.

त्यांच्या खेळात तळघर म्हणजे एक जहाज आहे. ‘वॉर्डन’ नावाचं, पन्नास मैल लांब. पिढ्यान् पिढ्या प्रवास करत दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं. वाटेत किरणोत्साराच्या ढगातून गेलं, बहुतेक माणसं मेली, उरलेल्यांचं आणि जनावरांचं रूप पालटलं. आता त्यांचे वंशज जहाजातल्याच रानात शिकार करून जगतात आणि त्यांना आपण जहाजात आहोत हेच ठाऊक नाही. छताला ते आकाश म्हणतात. मजले तेच, खाली-वर जाणंही तेच. मंत्रांच्या जागी अंगात फाशांनी उपजवलेल्या विचित्र शक्ती. ही कल्पना ब्रायन ऑल्डिस यांच्या १९५८च्या ‘नॉन-स्टॉप’ कादंबरीतून आली, हे वॉर्ड यांनी लपवलं नाही.

खेळताना मात्र एक पेच पडतो. पात्राला ठाऊक नाही की हातातली वस्तू बंदूक आहे, पण ते पात्र वठवणाऱ्या अमेरिकन पोराला ‘बंदूक’ हा शब्द ऐकताच सगळं कळतं. गायगॅक्सनं यावर साधा इलाज काढला. त्याच वर्षी त्यानं एका खेळमेळाव्यासाठी एक साहस रचलं, ते १९८० साली ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ म्हणून छापलं गेलं. तलवारी घेतलेले वीर डोंगरातल्या गुहेत शिरतात आणि ती गुहा म्हणजे कोसळलेलं अंतराळयान असतं. त्याबरोबर चित्रांची एक वेगळी पुस्तिका दिली होती. सूत्रधारानं नाव घ्यायचं नाही, चित्र दाखवायचं. ही वस्तू दिसते अशी, आता करा काय करायचं ते. आणि वस्तूचा उपयोग कळला की नाही यासाठी एक आकृती, चौकोन आणि बाणांची. फासा टाकायचा आणि बाणाबाणानं सरकायचं. एखादा बाण कळण्याकडे नेणारा, एखादा हातातच स्फोट होण्याकडे. १९७८च्या ‘गॅमा वर्ल्ड’मध्येही अशाच आकृत्या आहेत, तिथे तर अख्खी पृथ्वीच युद्धानंतरची आहे.

या आकृत्या पाहिल्या आणि मला आमची ट्रंक आठवली. मी तिच्यातल्या कागदांकडे असाच बघत असे. हा अलिफ की लाम? हा नुकता की पडलेला डाग?

सगळ्यांनीच विसराचा रस्ता धरला असं नाही. मार्क मिलर यांच्या १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’नं तळघराला रजाच दिली. हा खेळ इलिनॉय राज्यातल्या ज्या गावी तयार झाला, त्या गावाचं नाव ‘नॉर्मल’ आहे, आणि खेळही तसाच, सरळमार्गी माणसांचा. यातलं पात्र कोवळं पोर नसतं. चार-चार वर्षांच्या मुदती करत नौदलात, सैन्यात किंवा व्यापारी जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेलं असतं. चौतिशीपासून वय शरीराला कुरतडायला लागतं, त्याचेही फासे आहेत. खेळ सुरू व्हायच्या आधीच, नोकरीतच, पात्र मरू शकतं! अनुभवाच्या पायऱ्या नाहीत. जे शिकलात ते शिकलात. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला आठवडा लागतो आणि बातमीसुद्धा जहाजानंच जाते, जशी आपल्याकडे तारायंत्राच्या आधी विलायतेची डाक बोटीनं यायची.

आणि त्यातला राक्षस कोण? तर कर्ज. जहाज हप्त्यांवर घ्यायचं. दरमहा किमतीचा दोनशेचाळिसावा भाग, असे ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षं, आणि भरायचे दुप्पट. हप्ता चुकायचा नसेल तर कुणाचं तरी धोक्याचं काम अंगावर घ्यावंच लागतं. ड्रॅगनपेक्षा हा राक्षस मला कितीतरी खरा वाटतो. घरासाठी कर्ज काढलेल्या कुणालाही वाटेल.

पुढची गर्दी भराभर ओलांडू. १९८७ साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’नं एल्फ आणि ऑर्क यांना सरळ अंतराळात नेऊन बसवलं, नावं थोडी फिरवून. १९८९च्या ‘शॅडोरन’मध्ये उलटा प्रवास, भविष्यातल्या सिॲटल शहरात जादूच परत येते. त्याच वर्षीच्या ‘स्पेलजॅमर’मध्ये लाकडी गलबतंच अंतराळात हाकारली. मजा आहे, पण कारण देण्याची ती जुनी तळमळ यांच्यात मला फारशी दिसत नाही. आणि २०१७ साली आला माझ्या मुलीचा स्टारफाइंडर. त्यानं चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तरच पुन्हा वापरलं: मधलं सगळे विसरले.

हे सगळं वाचताना मला सारखा ‘तिलिस्म’ आठवत होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं १८८३पासून छापलेला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ म्हणजे जादूगारांनी रचलेलं अख्खं मायाजगत. तिथे कारण कुणी विचारत नाही. आणि त्यानंतर पाचेक वर्षांतच देवकीनंदन खत्री यांची हिंदी ‘चंद्रकांता’ आली. १९९४ साली दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा आपण सगळ्यांनी रविवारी सकाळी पाहिली, तीच. मालिकेनं जादूचा धूर भरपूर सोडला, पण खत्रींच्या मूळ पुस्तकातला तिलिस्म हा कळा-चाव्यांचा, यंत्रांचा आहे. पूर्वजांनी खजिना सांभाळायला कारागिरांकडून बांधून घेतलेला. म्हणजे लेक जिनिव्हातल्या मंडळींच्या नव्वद वर्षं आधी चुनारगढच्या परिसरात हा प्रश्न विचारून झाला होता, की तळघर कुणी बांधलं. बार्कर उर्दू शिकवत होते. त्यांनी होशरुबा वाचला असेलही. पण माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून तो धागा मी जोडत नाही.

आता वही.

वहीत शेर नव्हते. उधारी होती. आजोबा आठवडी बाजारात कापड विकत. कुणाकडे किती गज गेलं, किती आणे राहिले, याच्या ओळीच्या ओळी. गठ्ठ्यात दोन-तीन पावत्या, आणि खोकल्यावरच्या काढ्याचा एक नुस्खा. अम्मीला मी सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “बाहेर कुणाला सांगू नको.” आज रेडिओवर सांगतोय, ती आता नाही. मला वाईट वाटलं नव्हतं. उलट गावातल्या सगळ्या आळ्यांची नावं त्या यादीत होती, सुतारांची, कोष्ट्यांची, एका भटजींचंही, आणि आजोबांनी त्यांच्या नावापुढे ‘भरून पावलो’ असं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. उर्दू वहीत मराठी एवढंच.

हे मला ज्या माणसामुळे वाचता आलं, त्याच्याबद्दलची दुसरी गोष्ट मला त्याच दिवाळीच्या रात्री कळली. मुलीला ती आधीच ठाऊक होती. माझा चेहरा बघून ती सांगायला कचरत होती.

बार्कर २०१२ साली मिनीॲपोलिसमध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०२२मध्ये, त्यांच्या ग्रहाचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं जाहीर केलं की १९९१ साली टोपणनावानं निघालेली ‘सर्पंट्स वॉक’ ही कादंबरी बार्करांनी लिहिली होती. ती ज्यूद्वेष्टी, नाझींचा उदोउदो करणारी कादंबरी आहे आणि ती छापली अमेरिकेतल्या नव-नाझींच्या प्रकाशनानं. शिवाय ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही असं सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर त्यांचं नाव १९९० ते २००२ होतं. स्वतःच्या खऱ्या नावानं.

यावर काय बोलावं? काही जण म्हणतात, खेळ १९७५चा, कादंबरी १९९१ची, दोन्ही वेगळं ठेवा. मला ते इतकं सोपं वाटत नाही. जो माणूस टेकुमेलवर कोंडलेल्या मूळ रहिवाशांचा इतिहास लिहितो, तो खऱ्या जगातल्या साठ लाख माणसांचा इतिहास पुसणाऱ्यांच्या पंगतीला बारा वर्षं कसा बसतो? माझा धर्म त्यांनी इथे येऊन स्वीकारला, माझी हरवलेली लिपी त्यांनी मला दिली. म्हणून मला त्यांच्या बाजूनं काही तरी शोधून बोलावंसं वाटलं, हेही कबूल करतो. शोधलं. सापडलं नाही. आणि ज्यांना माझ्या समाजाबद्दल वाईट बोलायला कारण हवंच असतं, त्यांच्या हाती हे आयतं लागेल अशीही भीती वाटली. पण त्या भीतीपोटी गप्प बसायचं, तर मग अम्मीसारखं ट्रंक बंद ठेवण्यासारखंच ते झालं.

मुलीच्या कंपूत यावर दोन शनिवार वाद झाला म्हणे. एकाला टेकुमेल खेळायचंच होतं. म्हणाला, नियम त्यांचे असू दे, गोष्ट आपण आपली सांगू. एक मुलगी म्हणाली, मी असेन तर नाही. ते सध्या स्टारफाइंडरच खेळतायत. परवा फोनवर सांगत होती, की विसरलेल्या काळाबद्दल काही सांगणारा एक कागद त्यांच्या पात्रांना सापडलाय, पण लिपी कुणालाच येत नाही.

उर्दूचे ते दोन खंड अजून फडताळावरच आहेत. आतल्या पहिल्या पानावर बार्करांच्या नावाखाली त्यांच्या तीन सहकाऱ्यांची नावं आहेत: हसन जहांगीर हमदानी, ख्वाजा मुहम्मद शफी देहलवी, शफीकुर रहमान. इतकी वर्षं मी ‘बार्करचं पुस्तक’ म्हणत आलो. ही नावं कधी धड वाचली नव्हती. त्या रात्री वाचली. वहीतला एक शब्द अजून लागलेला नाही. शेवटच्या पानावर आहे, एका कोष्ट्याच्या नावापुढे, शाई पसरलेली. काफ आहे इतकं नक्की.